कलमचाकूच्या धारेला खांड पडली? फेकू नका, पण तसाच वापरूही नका

शेंदूरजनाघाट : हिवाळा लागला की वरूड तालुक्यातल्या पन्हेऱ्यांमध्ये संत्र्याचे डोळे बांधायची घाई सुरू होते. जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लाईमच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा चढवायचा, पट्टी गुंडाळायची आणि पुढच्या रोपाकडे सरकायचे. हात बसलेला माणूस दिवसाकाठी शेकड्यांनी डोळे बांधतो. या सगळ्या कामाला अवजार एकच, खिशात मावणारा घडीचा कलमचाकू. त्याच्या धारेला तांदळाच्या कणीएवढी खांड पडली तरी पुष्कळजण 'चालते' म्हणून तोच चाकू दामटतात. भाजी चिरायच्या चाकूला ते खरंच चालते. कलमचाकूला चालत नाही.

कारण साधे आहे. डोळा जगतो तो साल आणि लाकूड यांच्यामधल्या ओलसर, पातळ थरामुळे. पुस्तकात त्याला एधा म्हणतात. खुंटाचा हा थर आणि डोळ्याचा हा थर एकमेकांना चिकटून बसले तर जोड येतो. डोळकाडीवरून ढालीसारखा काप एका ओढीत निघाला पाहिजे आणि खालची बाजू काचेसारखी सपाट हवी. धारेत खांड असली की त्या जागी लाकूड कापले जात नाही, फाटते. काप उलटून पाहिला तर मधोमध एक बारीक उंच रेघ दिसते. ती रेघ डोळ्याला खुंटापासून अधांतरी धरून ठेवते. मधल्या पोकळीत हवा राहते, पाणी शिरते, काप काळा पडतो. खुंटावर 'टी'सारखी चीर देतानाही तेच. खांडीचा चाकू जोराने दाबावा लागतो, मग तो साल सोडून आत लाकडात घुसतो.

पट्टी सोडायची वेळ दोन-तीन आठवड्यांनी येते. डोळा हिरवा असला तर लागला, तपकिरी पडला तर गेला. तोवर चाकूचा दोष कोणाच्या लक्षात राहत नाही. थंडीला, डोळकाडीला किंवा बांधणाऱ्याच्या हाताला बोल लावून सगळे मोकळे होतात. समजा हजारामागे पन्नास डोळे जास्त गेले. ती पन्नास रोपे पुन्हा बांधावी लागतात, आणि दुसरा डोळा कधीकधी जागा नाही म्हणून खाली सरकवला जातो. डोळा जमिनीपासून साधारण 9 इंच वर हवा, तो एवढ्यासाठी की मातीतली बुरशी जोडापर्यंत पोचू नये आणि पुढे डिंक्या लागू नये. खाली बांधलेली कलम विकत नेणाऱ्या कास्तकाराला हे रोप पाहून कळेलच असे नाही. त्याला झाड चार-पाच वर्षांचे झाल्यावर कळते.

आधी खांड शोधा

मोठी खांड बोटाला लागते, बारीक लागत नाही. चाकूची धार डोळ्यांसमोर वर करून उन्हाकडे किंवा दिव्याकडे धरावी. चांगली धार दिसतच नाही. जिथे चमकणारा ठिपका दिसतो तिथे धार बोथट झाली आहे किंवा तुटली आहे. दुसरी रीत म्हणजे धार अंगठ्याच्या नखावरून अगदी हलकी, वजन न देता सरकवणे. खांड असली तर नखाला अडते. बोटाच्या मांसावरून धार कधीच फिरवू नये, हे सांगायला नको, पण दर हंगामात कोणाचे ना कोणाचे बोट चिंधीत बांधलेले दिसतेच.

मग खांड कुठे आहे ते बघावे. ढालीचा काप पात्याच्या मधल्या भागाने निघतो, चीर टोकाकडच्या भागाने दिली जाते. या दोन जागांची खांड लगेच काढावी. मुठीजवळची खांड मात्र थांबू शकते. ती काढण्यासाठी सगळे पाते झिजवण्यात अर्थ नाही. पुढे चार-दोन वेळा चाकू पाजवला की ती आपोआप निघून जाते.

दगडावर कशी काढायची

खांड अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर कार्बोरंडमच्या दुहेरी दगडावर घरीच निघते. हा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एक अंग खरबरीत आणि दुसरे बारीक असते. दगडाखाली ओले गोणपाट ठेवावे म्हणजे तो सरकत नाही. दगडावर पाणी वापरा किंवा तेल, पण एकदा तेल पाजलेला दगड मग पाणी नीट घेत नाही, म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाकावे.

इथे बहुतेकांची चूक होते. खांड आहे तेवढीच जागा घासत बसतात. त्याने तिथे खळगा पडतो आणि धार नागमोडी होते. खांड भरून काढता येत नाही. तिच्या बुडापर्यंत बाकीची सगळी धार खाली आणावी लागते. त्यासाठी चाकू उभा धरून, जणू दगडच कापायचा आहे असा, खरबरीत दगडाच्या कडेवरून हलका ओढायचा. कडेवरून अशासाठी, की दगडाच्या तोंडावर ओढला तर तिथे चर पडतो. पाच-दहा ओढींत खांड नाहीशी होते आणि चाकूची सगळी धारही जाते. पाहणाऱ्याला वाटते वाटोळे केले. पण धारेच्या जागी आता एक सरळ पांढरी रेघ चमकताना दिसते आणि पुढचे सगळे काम ती रेघ घालवण्याचे आहे.

कलमचाकूला बहुधा एकाच अंगाने उतार असतो, दुसरे अंग सपाट असते. विळा-कोयत्याच्या सवयीने दोन्ही अंगांनी घासले की चाकू बिघडला म्हणून समजा. सपाट अंग लाकडाला टेकून चालते म्हणून काप सरळ निघतो. तिकडे थोडाही उतार पडला तर पाते लाकडातून बाहेर फेकले जाते आणि ढाल एका टोकाला जाड, दुसऱ्याला कागदासारखी निघते.

म्हणून घासायचे ते फक्त उताराचे अंग. जुना उतार दगडावर पूर्ण टेकवावा आणि तोच कोन शेवटपर्यंत धरावा. कोनाचा अंदाज येत नसेल तर एक हिशेब आहे. पाते 15 मिलिमीटर रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून 4 मिलिमीटर उचलली, तर कोन साधारण 15 अंशांचा होतो. आणखी सोपे म्हणजे उतारावर स्केचपेनाने रंग लावावा. दोन ओढी मारून बघावे. रंग सगळीकडून गेला तर कोन बरोबर, नुसत्या वरच्या कडेचा गेला तर पाठ जास्त खाली टेकली आहे, नुसत्या धारेचा गेला तर पाठ जास्त उचलली आहे.

पांढरी रेघ संपली की सपाट अंगाला बारीक लोखंडी कूस उभी राहते. बोट पाठीकडून धारेकडे सरकवून बाहेर काढले की ती खरखरीत लागते. मुठीपासून टोकापर्यंत कूस आली म्हणजे खरबरीत दगडाचे काम झाले. ती येण्याआधीच दगड उलटवण्याची घाई केली तर मधे बोथट जागा राहून जाते. मग बारीक अंगावर तोच कोन धरून हलक्या हाताने ओढायचे. शेवटी सपाट अंग दगडावर पूर्ण आडवे ठेवून दोन-चारच ओढी, कूस निघण्यापुरत्या. त्यानंतर जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या खरबरीत बाजूवर न्हावी वस्तरा ओढतो तसा, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, दहा-वीस वेळा ओढावा.

धार आली का, हे हाताचे केस काढून बघण्याची पद्धत आहे, पण खरी परीक्षा जंबेरीच्या हिरव्या काडीवर होते. एक तिरका काप घ्यावा आणि उन्हात बघावा. काप ओला चमकला आणि त्यावर एकही रेघ नसली तर चाकू डोळे बांधायला तयार. रेघ दिसली तर खांडीचे बूड अजून शिल्लक आहे.

डावखुऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. उजव्या हाताच्या चाकूचा उतार त्यांना उलट्या अंगाला येतो. तो दगडावर पालटत बसण्यापेक्षा डाव्या हाताचा चाकू मागवून घेणे परवडते.

मोठी खांड आणि ग्राइंडर

दोन-तीन मिलिमीटरची खांड दगडावर काढायची म्हटले तर दिवस मोडतो. मग चाकू लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात जातो आणि तिथे फिरत्या चाकावर ठिणग्या उडवत मिनिटात 'सरळ' होऊन येतो. त्याच मिनिटात तो कायमचा मऊही होऊ शकतो. पातळ धार क्षणात तापते. पोलादाचा रंग आधी पिवळसर, मग तपकिरी आणि 300 अंशांच्या आसपास निळा होतो. निळी झाक आली म्हणजे त्या जागेचे पाणी उतरले. तिथे धार लावली तर लागते, पण चार काड्या कापल्या की वळते. म्हणून ग्राइंडरवर धार लावून घ्यायची नाही, फक्त खांड उतरवून घ्यायची. बाजूला पाण्याचा डबा ठेवावा, एकेक हलकी टेक द्यावी आणि पाते बोटाला चटका लागण्याआधीच पाण्यात बुडवावे. उतार नंतर घरी दगडावर काढावा.

घडीच्या चाकूत आणखी एक भानगड आहे. टोकाकडची खांड काढताना धारेकडून जास्त झिजवले की टोक पाठीकडे सरकते आणि चाकू मिटला तरी मुठीतून बाहेर डोकावते. असा चाकू खिशात म्हणजे मांडीला जखम ठरलेली. तिथे टोकाजवळची पाठ थोडी उतरवून टोक पुन्हा आत घ्यावे लागते.

आजकाल काहीजण कटरची किंवा दाढीची पाती वापरतात. खांड पडली की पाते बदलले, झंझट नाही. चीर द्यायला ते ठीक आहे. पण ढालीचा लांब काप घेताना पातळ पाते लवते आणि काप पन्हाळीसारखा खोलगट निघतो. डोळा बांधायला जाड पाठीचा चाकूच बरा.

खांड पडते कशाने

लाकडाने क्वचितच. बांधायची तार कापणे, ठिबकच्या नळीला भोक पाडणे, डब्याचे झाकण उचकटणे, स्क्रू फिरवणे, ही खांडीची खरी कारणे. पाते आडवे पिरगाळले की कडक धार वाकत नाही, तुकडा पडतो. दुसरे कारण डोळकाडीवरची माती. काड्या ओल्या फडक्याने पुसून घेतल्या तर धार कमी झिजते. आणि मुठीच्या खाचेत साचलेली वाळू तर विसरतेच. चाकू खटकन मिटला की धार त्याच वाळूवर आदळते. काडीने खाच कोरून काढावी आणि पाते बोटाने धरून मिटावे.

गंजही खांडीचा भाऊ. लिंबूवर्गीय झाडांचा रस धारेवर वाळला की बारीक खड्डे पडतात आणि पुढे तिथूनच तुकडा निघतो. खड्ड्यात आणि खांडीत रस अडकतो, तोच पुढच्या रोपात जातो. एक्झोकॉर्टिस नावाचा सालीचा रोग चाकूवरून असा एका झाडावरून दुसऱ्यावर पसरतो. जंबेरी तो सोसून नेते, रंगपूर लाईमच्या खुंटाला मात्र तो बाधतो. नुसत्या स्पिरिटने किंवा काडी ओढून पाते शेकल्याने तो जात नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइट लागते. घरगुती ब्लीच 4-5 टक्क्यांचे असेल तर एक भागात चार भाग पाणी मिसळावे, साधारण एक टक्क्याचे द्रावण होते. एका मातृवृक्षाच्या काड्या संपवून दुसऱ्याच्या घेताना चाकू त्यात बुडवावा. हे द्रावण पोलादाला खाते, म्हणून लगेच साध्या पाण्यात धुवून, फडक्याने कोरडा करून मगच पुढचा काप घ्यावा. संध्याकाळी खाचेसकट पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पात्याच्या खिळीवर आणि एक धारेवर सोडावा. सकाळी काम सुरू करण्याआधी धारेवरचे तेल पुसून टाकायचे, नाहीतर ते पहिल्या काही कापांवर जाते.