शार्दुल ठाकूर

शार्दुल नरेंद्र ठाकूर (जन्म: १६ ऑक्टोबर १९९१, पालघर, महाराष्ट्र) हे भारतीय क्रिकेटपटू आहेत. उजव्या हाताने मध्यम-जलद गोलंदाजी करणारे आणि खालच्या फळीत आक्रमक फलंदाजी करणारे अष्टपैलू खेळाडू म्हणून ते ओळखले जातात. देशांतर्गत क्रिकेटमध्ये ते मुंबईचे प्रतिनिधित्व करतात.

शालेय क्रिकेट

ठाकूर बोईसरच्या तारापूर विद्या मंदिराकडून शालेय स्पर्धांत खेळत. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्धच्या सामन्यात त्यांनी ७८ धावा काढल्या व ५ बळी घेतले. प्रतिस्पर्धी संघाचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी हा खेळ पाहून त्यांना आपल्या शाळेत येण्यास सुचवले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि पश्चिम रेल्वेची उपनगरी लोकलसेवा विरारपर्यंतच होती. डहाणूपर्यंत ती २०१३ मध्ये सुरू झाली. रोजच्या प्रवासाची ही अडचण लाड यांनी ठाकूर यांना स्वतःच्या घरी ठेवून दूर केली. नव्या शाळेकडून हॅरिस शील्ड स्पर्धेत खेळताना ठाकूर यांनी एका षटकात सहा षटकार मारले. रोहित शर्मा यांचेही प्रशिक्षक असलेल्या लाड यांना पुढे द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

देशांतर्गत कारकीर्द

नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थानविरुद्ध त्यांनी प्रथम श्रेणी पदार्पण केले. २०१४-१५ च्या रणजी हंगामात त्यांनी ४८ बळी मिळवले. २०१५-१६ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध त्यांनी ८ बळी घेतले. २०२३-२४ च्या उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्धची १०९ धावांची खेळी हे त्यांचे पहिले प्रथम श्रेणी शतक ठरले. या दोन्ही हंगामांत मुंबईने रणजी करंडक जिंकला. २०२५-२६ च्या हंगामासाठी त्यांच्याकडे मुंबईचे कर्णधारपद सोपवण्यात आले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

ऑगस्ट २०१७ मध्ये श्रीलंकेविरुद्ध त्यांचे एकदिवसीय पदार्पण झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबाद येथे वेस्ट इंडीजविरुद्धच्या पदार्पणाच्या कसोटीत अवघे दहा चेंडू टाकून दुखापतीमुळे त्यांना मैदान सोडावे लागले. दुसरी कसोटी त्यांना सव्वादोन वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन येथे मिळाली. पहिल्या डावात भारताचे सहा गडी १८६ धावांत बाद झाले असता त्यांनी वॉशिंग्टन सुंदर यांच्यासह १२३ धावांची भागीदारी केली. त्यांच्या ६७ धावा आणि सामन्यातील ७ बळी यांचा भारताच्या विजयात मोठा वाटा होता. त्याच वर्षी ओव्हल येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतके झळकावली. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्ग येथे त्यांनी एका डावात ६१ धावांत ७ बळी घेतले. मात्र तो सामना भारताने गमावला.