चुकीचा बारकोड आणि अडकलेला माल

सायखेडा हे निफाड तालुक्यातील गोदाकाठचे गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार येथे असल्याने गावाचा कांद्याशी रोजचा संबंध. लिलावातला कांदा गोणीत भरून जातो, त्याला बारकोडची गरज पडत नाही. पण हाच कांदा कापून, तळून बिरिस्ता म्हणून पाकिटात भरला आणि अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टसारख्या ऑनलाइन बाजारात विकायला ठेवला, की पाकिटावर १३ आकड्यांची पट्टी लागते. ही पट्टी चुकली तर माल उत्तम असूनही विक्री बंद पडते. मालेगावच्या लुंगीवाल्यांची आणि येवल्यात पैठणीच्या कापडापासून पर्स, बटवे शिवणाऱ्यांची अडचणही हीच आहे. म्हणून चूक नेमकी कुठे होते आणि ती दुरुस्त कशी करून घ्यावी, हे आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम हे समजून घ्यावे की बारकोडमध्ये ना भाव असतो, ना मालाची माहिती. त्यात फक्त एक क्रमांक असतो. भाव आणि माहिती दुकानाच्या किंवा ऑनलाइन बाजाराच्या संगणकात असते व क्रमांकावरून ती शोधली जाते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमचे पाकीट अशा पट्टीवरून प्रथम विकले गेले. तेव्हापासून पद्धत तीच आहे. आपल्या देशात हे क्रमांक देण्याचे काम जीएस१ इंडिया ही दिल्लीची संस्था करते. वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगसंघटना यांच्या पुढाकाराने ती १९९६ साली स्थापन झाली. तिच्याकडे नोंदलेल्या कंपन्यांचे क्रमांक ८९० ने सुरू होतात. ८९० म्हणजे माल भारतात बनला, असा समज सर्वत्र आहे आणि पहिल्या तीन आकड्यांवरून मालाचा देश ओळखा असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ते खरे नाही. त्या आकड्यांवरून कंपनीने क्रमांक कोणत्या देशाच्या संस्थेकडून घेतला एवढेच कळते. माल कुठे बनला ते पाकिटावरच्या मजकुरात पाहावे.

तेरा आकड्यांपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. तो कागदावरही काढता येतो. डावीकडून पहिल्या बारा आकड्यांतले पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे आकडे मिळवावेत. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिला तीनने गुणावे. दोन्ही एकत्र करून जी संख्या येईल ती पुढच्या पूर्ण दहापर्यंत न्यायला जितके कमी पडतात, तो शेवटचा आकडा. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घेऊ. विषम जागांची बेरीज २८, सम जागांची ३४, तिची तिप्पट १०२, एकूण १३०. दहाचा पाढा पूर्ण झालेला आहे, म्हणून तेरावा आकडा शून्य. टंकताना एक आकडा चुकला तर हा हिशेब लगेच बिघडतो आणि संगणक क्रमांक नाकारतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा चूक पकडली जाते. मात्र त्या दोन आकड्यांत पाचचा फरक असेल, जसे १ आणि ६, तर ती सुटून जाते. सबब क्रमांक हाताने टंकू नये, प्रमाणपत्रावरून नकलून घ्यावा.

ही झाली साधी चूक. खरा घोटाळा होतो तो क्रमांक बरोबर असून दुसऱ्याचा असल्यावर. इंटरनेटवर काही जण शंभर शंभर बारकोड किरकोळ पैशांत विकतात. घेणाऱ्याला वाटते, पट्टी वाचली जाते, मग काम झाले. परंतु त्यातले बरेच क्रमांक पूर्वी दुसऱ्या कंपनीच्या नावावर नोंदलेले असतात. अ‍ॅमेझॉन दिलेला क्रमांक जीएस१ च्या नोंदीशी ताडून पाहते. नोंदीत एक नाव आणि पाकिटावर दुसरे असेल, तर मालाची नोंद अडवली जाते किंवा पान बंद होते. तो क्रमांक आधीच दुसऱ्या मालाला लावलेला असेल तर आपला माल त्याच्या पानाला चिकटतो. मग गिऱ्हाईक मोबाइलचे कव्हर मागवते आणि त्याच्या हाती तळलेला कांदा पडतो. हसण्यासारखे असले तरी परत आलेल्या पाकिटांचा खर्च आणि वाईट शेरे विकणाऱ्याच्याच माथी येतात.

तिसरी चूक घरचीच असते. समजा, सायखेड्यातल्या एका दुकानदाराने बिरिस्ताच्या २०० ग्रॅम व ५०० ग्रॅम अशा दोन्ही पाकिटांवर एकच पट्टी छापली. गोदामातला माणूस वजन पाहत नाही, पट्टी पाहतो. ५०० ग्रॅमचे पैसे दिलेल्या गिऱ्हाइकाला २०० ग्रॅम जाते आणि माप कमी दिल्याचा ठपका दुकानदारावर येतो. येथे नीयत साफ असूनही नाव खराब होते. नियम असा की वजन, आकार, रंग किंवा ब्रँडचे नाव बदलले की क्रमांक नवा. लुंगीचे चार रंग म्हणजे चार क्रमांक. फक्त भाव बदलला तर क्रमांक तोच राहतो. एखादा माल बंद केला म्हणून त्याचा क्रमांक नव्या मालाला देण्याची मुभा पूर्वी काही वर्षांनंतर होती, २०१९ पासून ती राहिलेली नाही.

आता दुरुस्ती. चूक लक्षात येताच त्या मालाचा साठा ऑनलाइन पानावर शून्य करावा, म्हणजे नव्या मागण्या थांबतात. घाईने पान पुसून टाकू नये. जुने शेरे व विक्रीची नोंद त्या पानाशी बांधलेली असते. एकदा पानाला जोडलेला बारकोड विक्रेत्याला स्वतः बदलता येईलच असे नाही, बहुधा विक्रेता मदत कक्षाकडे लेखी तक्रार नोंदवावी लागते. तीत पानाचा क्रमांक (अ‍ॅमेझॉनवर हा दहा अक्षरी एएसआयएन असतो), चुकीचा बारकोड आणि बरोबर बारकोड हे तीनच मुद्दे स्पष्ट लिहावेत. सोबत पाकिटाचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो द्यावेत. पट्टी आणि तिच्याखालचे आकडे त्यात वाचता आले पाहिजेत. जीएस१ चे प्रमाणपत्र जोडावे. येथे अनेकांचे घोडे अडते, कारण प्रमाणपत्रावर वडिलांच्या फर्मचे नाव, पाकिटावर ब्रँडचे वेगळेच नाव आणि जीएसटी भावाच्या नावावर, असा आपल्याकडचा रिवाज. तक्रारीपूर्वी जीएस१ इंडियाच्या डेटाकार्ट या नोंदवहीत ब्रँडचे नाव, वजन आणि फोटो भरून घ्यावेत. दुसऱ्या कंपनीचा माल विकत असाल तर स्वतःचा बारकोड लावू नये, कंपनीचाच वापरावा. तो पानावर चुकीचा असेल तर कंपनीचे पत्र आणि खरेदीचे बिल द्यावे.

बाजारातून विकत घेतलेला परका क्रमांक असेल तर मात्र दुरुस्ती मागून उपयोग नाही. तो सोडावा, स्वतःच्या नावाने क्रमांक घ्यावा आणि नवे पान उघडावे. जुने शेरे जातील, पण त्याला इलाज नाही. नोंदणीचा खर्च लहान माणसाला जड वाटतो, हे आम्ही जाणतो. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगांना या खर्चाचा काही भाग परत देण्याची तरतूद केंद्र सरकारच्या योजनेत आहे. तिचा चालू दर आणि अटी नाशिकच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून मगच अर्ज करावा.

हाताने वस्तू करणाऱ्या कारागिरांसाठी आणखी एक वाट आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या मालावर बारकोडच नाही, त्याला अ‍ॅमेझॉनवर बारकोडमधून सूट मागता येते. त्यासाठी वस्तूचे किंवा वेष्टनाचे खरे फोटो द्यावे लागतात. त्यात ब्रँडचे नाव कायमचे छापलेले किंवा शिवलेले दिसले पाहिजे, वरून चिकटवलेली चिठ्ठी चालत नाही. चार बटवे शिवणाऱ्या घराने शंभर उसने बारकोड घेण्यापेक्षा ही सूट घेणे केव्हाही बरे.

गोदामात आधीच गेलेल्या मालाकडे दुर्लक्ष होते. पानावर क्रमांक बदलला तरी तिथल्या पाकिटांवर जुनीच पट्टी असते. तो माल परत मागवावा किंवा नव्याने चिठ्ठ्या लावून घ्याव्यात. नवी चिठ्ठी जुन्या पट्टीला पूर्ण झाकणारी हवी, कारण दोन पट्ट्या दिसल्या तर यंत्र हाती येईल ती वाचते. छपाईवाल्यालाही सांगून ठेवावे. तेरा आकड्यांच्या पट्टीचे मूळ माप सुमारे ३७ मिलिमीटर रुंद व २६ मिलिमीटर उंच असते, ते ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये. दोन्ही बाजूंची कोरी जागा कापू नये. पांढऱ्यावर काळी पट्टी सर्वांत चांगली. लाल रंगाची पट्टी डोळ्यांना दिसते, पण यंत्राचा उजेडच लाल असल्याने त्याला ती दिसत नाही. तळलेल्या कांद्याच्या पारदर्शक पिशवीवर तर आधी पांढरा चौकोन छापून घ्यावा, नाहीतर आतला तपकिरी रंग आणि तेलाची चमक यंत्राला फसवते.

मदत कक्षाचे पहिले उत्तर अनेकदा ठरावीक साच्यातले येते. तेव्हा नवी तक्रार न करता त्याच तक्रारीत पुन्हा लिहावे, म्हणजे कागदपत्रे एकत्र राहतात. या कामाला काही दिवस, कधी काही आठवडेही जातात. बिरिस्ताची मागणी रमजानमध्ये वाढते, तेव्हा तपासणी शाबानपूर्वीच उरकावी. बदल झाल्याचे कळल्यावर पाकिटावरची पट्टी मोबाइलने वाचून तोच क्रमांक ऑनलाइन बाजारात शोधावा आणि आपलेच पान, त्याच वजनासह, उघडते का ते पाहावे. माल दोन-तीन ठिकाणी ठेवला असेल तर प्रत्येक ठिकाणी हे वेगळे करावे लागते. एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे आपोआप जात नाही.