कडोदऱ्याचं खुराडं आणि डिसेंबरची ओल

सुरतेहून धुळ्याकडे निघालं, की कडोदरा चार रस्त्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो. रस्त्याकडेला प्रोसेस मिलची धुराडी आणि त्यांच्यापलीकडे काकरापार कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. मिलमध्ये पाळी करणारी खानदेशी कुटुंबं खोल्यांच्या मागे पाच-दहा गावठी कोंबड्या राखतात. चलथाण, बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी डांग-नंदुरबारकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या पडावातही कुठे कुठे एखादं डालं दिसतं.

डिसेंबर लागला, की या कोंबड्यांची काळजी सुरू होते. खुराड्याला चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळतात, फटींत चिंध्या कोंबतात. आठवडाभरात कोंबड्या शिंकायला लागतात, चोचीतून घरघर येते आणि सगळे म्हणतात, थंडी बाधली.

खरं तर इथली थंडी मोठ्या कोंबडीला सहसा बाधत नाही. सुरतेत जानेवारीत रात्रीचा पारा साधारण १५ अंशांवर असतो, दुपारी तो तिशीला टेकतो. कोंबडीच्या अंगात ४१ अंशांची ऊब असते आणि वर पिसांची गोधडी. रात्री ती पिसं फुलवते, मान पंखात खुपसते आणि पाय पोटाखाली घेऊन बसते. म्हणून बसायची दांडी दोन इंच रुंद, चपटी हवी. बोटं पसरून बसता आलं, तरच ती पिसांखाली पूर्ण झाकली जातात. संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा मका टाकला, तर पोटातलं दळण रात्रभर चालतं आणि अंग तापतं राहतं.

कोंबडी आजारी पडते ती बहुधा कोंडलेल्या ओलीनं. तिच्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं, श्वासातून वाफ निघते ती वेगळी. ताडपत्रीनं ही ओल आत अडकते, विष्ठेतून अमोनिया उठतो आणि श्वासनळीचं आतलं अस्तर सोलवटतं. जंतूंना वाट मोकळी होते. पहाटे खुराड्यात डोकं घातल्यावर डोळे चुरचुरले, तर कोंबड्या रात्रभर तेच हुंगत होत्या.

त्यात पत्र्याचं छप्पर. रात्री पत्रा उघड्या आभाळाखाली गारठतो, खालच्या वाफेचं त्याला लागून पाणी होतं आणि पहाटे थेंब थेंब कोंबड्यांच्या पाठीवर पडतं. भिजलेल्या पिसात ऊब धरत नाही. कालव्याच्या या मुलखात धुकंही असतंच. उपाय फुकटातला आहे : पत्र्यावर बाहेरून पाचटाचा जाड थर द्या आणि वर दोरी आवळा. कोंबड्या बसतात तिथपर्यंतच्या भिंती गोणपाटानं बंद करा, छपराखालची वीतभर जागा मात्र जाळी लावून उघडी ठेवा. वारा अंगाला लागत नाही आणि वाफ वरून निघून जाते. खाली भाताचा कोरडा तूस दोन-तीन इंच पसरावा आणि रोज हलवावा. पाचट इथे पैशाला पासरी, पण ते खाली अंथरायचा मोह नको. ओलसर पाचटाला बुरशी येते आणि ती पिल्लांच्या फुफ्फुसात उतरते.

पिल्लांचा हिशेब वेगळा. त्यांना पिसंच नसतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचे. खुडूक कोंबडी पोटाखाली घेऊन बसली असेल, तर हे गणित तिच्यावर सोडावं. बाजारातून आणलेल्या पिल्लांना दिवा लागतो, साधारण पिल्लामागे दोन वॅट, तोही जुना पिवळा. एलईडी लावून बसलेले लोक आहेत. उजेड झकास, ऊब नावाला. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात : दिव्याखाली गोळा झाली तर गार, कडेला पळाली तर जास्त, पसरून टिपत असली तर बरोबर. दिवा तारेनं पक्का बांधावा, कारण तूस पेटायला वेळ लागत नाही.

अंडी कमी होतात त्याचाही दोष थंडीला जातो, पण ते काम मुख्यतः उजेडाचं. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो आणि इथे डिसेंबरचा दिवस अकरा तासांचाही भरत नाही. या कामाला एलईडी चालतो, पण चार गावठी कोंबड्यांसाठी वीज जाळण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यांनाही सुट्टी हवी.

याच सुरत-धुळे रस्त्यावर पुढे उच्छल-नवापूर. बुसरा ही गुजरात-महाराष्ट्राची नोंदणीकृत देशी जात त्या पट्ट्यातली. आणि देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये सापडला तोही नवापुरातच. पुढे २०२१च्या फेब्रुवारीत तो तिथे पुन्हा आला. हिवाळ्यात पाणवठ्यांवर स्थलांतरित पक्षी उतरतात, म्हणून कोंबड्यांचं दाणापाणी छपराखालीच ठेवावं. मानमोडीची लस थंडीआधीच टोचून घ्यावी. आणि लागोपाठ दोन-चार कोंबड्या मेल्या, तर त्या कालव्यात फेकू नयेत, उरलेल्या कापून घाईघाईनं विकूही नयेत. उघड्या हातानं न शिवता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावं.