पिकू द्यायचा तो कशासाठी?

दिवाळी आटोपून हवेत गारवा आला की नागपुरात मेडिकल आणि मेयोच्या नेत्रविभागांत म्हाताऱ्या माणसांची वर्दळ वाढते. भंडारा, गडचिरोली, यवतमाळ, पलीकडून बालाघाट, छिंदवाडा. सोबत मुलगा नाहीतर सून, पिशवीत जुने कागद. डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली तरी एक प्रश्न ठरलेला असतो, ‘पण पुरता पिकला का जी?’ आणि उन्हाळ्यातली तारीख मिळाली तर दुसरा, ‘इतक्या उन्हात कसं करायचं?’

या प्रश्नांना हसणं सोपं आहे. पण दोन्ही समजुती एके काळी रास्त होत्या. शस्त्रक्रिया बदलली आणि तिच्यासाठी घातलेली पथ्यं मात्र घराघरांत मुक्कामाला राहिली.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘लिंगनाशा’वरची, म्हणजे मोतीबिंदूवरची, शस्त्रक्रिया बारकाईनं सांगितली आहे. काळ फार उष्ण नको, फार थंड नको. शलाकेचं टोक जवाच्या आकाराचं हवं. डावा डोळा उजव्या हातानं वेधायचा, उजवा डाव्या हातानं. मग तूप, पट्टी आणि उताणं निजणं. शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं, अंग हलवणं वर्ज्य. आजही शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना कुणी शिंकू देत नाही, त्याचं मूळ इतकं मागे जातं.

शिंकेला एवढं भ्यायचं कारण होतं. धूसर झालेलं भिंग या पद्धतीत बाहेर निघत नसे. नजरेच्या वाटेतून ते खाली ढकललं जाई आणि डोळ्यातच राही. धक्का बसला तर ते पुन्हा वर यायचं. भिंग कच्चं असेल तर ढकलताना फुटायचं, पिकून घट्ट झालेलं असेल तर अखंड खाली जायचं. म्हणून पिकण्याची वाट पाहणं हा शहाणपणाच होता.

ही विद्या पुढे गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या हाती गेली. रोग्याला त्याच दिवशी बोटं मोजता यायची, वैदू बिदागी घेऊन पुढच्या गावाला जायचा आणि मग कित्येक डोळे सुजून, आतला दाब वाढून कायमचे जायचे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयातले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१८ मध्ये या पद्धतीवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते अशा बिघडलेल्या डोळ्यांच्या अभ्यासातूनच.

भिंग ढकलण्याऐवजी बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या जाक दाविएल यांनी १७४७ मध्ये सुरू केली. आपल्याकडे १९८० च्या दशकापर्यंत भिंग बहुधा वेष्टणासकट काढत. बुबुळाच्या कडेनं जवळजवळ अर्धवर्तुळ छेद, त्यावर टाके, मग कित्येक दिवस मान न हलवता पडून राहायचं. भिंगच नसल्यामुळे साधारण दहा नंबरचा चष्मा लागे, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड. त्यातून जिन्याची पायरी एकीकडे दिसायची आणि पाय दुसरीकडे पडायचा. असलेली नजर पुरती गेल्याशिवाय असला सौदा कोण करणार? पिकू द्यायला हे दुसरं कारण मिळालं. उन्हाळ्याचं तर उघड आहे. नवतपात पारा पंचेचाळीसवर, वॉर्डात फार तर कूलर, पट्टीखाली घाम आणि बाहेर धूळ. जंतुसंसर्गाला आणखी काय हवं?

यातली बहुतेक कारणं दोघांनी निकालात काढली. लंडनचे हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं होतं की युद्धात लढाऊ विमानाचं छत फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत गेलेले ॲक्रिलिकचे तुकडे डोळा सहन करतो. त्याच पदार्थाचं भिंग त्यांनी १९४९ मध्ये रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरांना दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करणाऱ्या कंपनयंत्राकडे पाहून, मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची कल्पना सुचली. १९६७ मध्ये त्यांनी ती रुग्णावर वापरली. हीच फेको. छेद तीन मिलिमीटरच्या आत, टाका नाही, घडी केलेलं भिंग त्याच फटीतून आत. दुपारी घरी.

आणि इथे जुना नियम उलटा झाला. भिंग जितकं कडक, तितकी ते फोडायला ऊर्जा जास्त, आणि तिचा मार बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशींना बसतो. या पेशी पुन्हा वाढत नाहीत. फार पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब वाढवतो. मग नस सुकते आणि नवं भिंग घालूनही काही दिसत नाही. म्हणजे पूर्वी वाट पाहून डोळा वाचायचा, आता वाट पाहून जातो. ऋतूचंही तेच. वातानुकूलित थिएटरला वैशाख काय नि मार्गशीर्ष काय.

जाहिरातींच्या फलकांवर फेको आणि लेझरच असतात. पण माझ्या मते खेड्यांतल्या डोळ्यांचा खरा तारणहार आहे तो हातानं केलेला, आपोआप मिटणारा लहान छेद. महागडं यंत्र नको, टाके नकोत, आणि दगडासारखा झालेला मोतीबिंदूही निघतो. शिबिरांचं गणित जुळतं ते यामुळे. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईहून येऊन शिबिरं घेतली. नागपुरात डॉ. विकास महात्मे यांचं काम याच वाटेवरचं. त्यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. माधव नेत्रालयाच्या नव्या केंद्राची पायाभरणी २०२५ च्या गुढीपाडव्याला पंतप्रधानांच्या हस्ते झाली; तिथे २५० खाटा नियोजित आहेत.

आयुर्वेदानंही शलाका खाली ठेवलेली नाही. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेनं शालाक्यतंत्रातल्या, म्हणजे नेत्रादी रोगांच्या शाखेतल्या, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या शिक्षणात मोतीबिंदूसह काही शस्त्रक्रिया घातल्या आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी ११ डिसेंबरला देशभर काम बंद ठेवलं. वाद अधिकाराचा होता. मोतीबिंदू थेंबांनी किंवा अंजनानं विरघळत नाही, यावर दोन्ही बाजूंना फारसं भांडता येणार नाही. घरगुती उपायांत मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. धान कापताना पातं डोळ्याला लागतं, मग मध, दूध, कुठलासा रस घालून चार दिवस जातात आणि बुरशीची जखम खोल होऊन ‘फूल’ पडतं. काही सुरम्यांत शिसं असतं, ते निराळंच.

नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेला मात्र परंपरेत जोडच नाही. तिचा धागा चेन्नईत जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांच्याकडे जातो. १९८१ मध्ये अमेरिकेत, थँक्सगिव्हिंगच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर त्यांनी एक्सायमर लेझर चालवून पाहिला. १९३ नॅनोमीटरच्या त्या किरणानं आजूबाजूचं न जाळता स्वच्छ छेद दिला. या शस्त्रक्रियेत, म्हणजे लॅसिकमध्ये, बुबुळाचा पातळ पापुद्रा उचलून खालचा भाग याच किरणानं घासतात. एका नंबरामागे साधारण बारा-पंधरा मायक्रॉन जातात. बुबुळाची जाडी सुमारे साडेपाचशे. त्यामुळे पातळ बुबुळ आणि मोठा नंबर हे जमत नाही. वय अठराच्या पुढे, नंबर वर्षभर स्थिर आणि बुबुळ शंकूसारखं होत नाही याची खात्री हवी. लग्न ठरलं म्हणून नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत धावत येणाऱ्यांना या अटी जाचक वाटतात. चष्म्यामुळे मुलगी नाकारणाऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी आधी व्हायला हवी, हे आपलं माझं मत!

नंबर गेला तरी आजार जात नाही. मायनस नंबराच्या माणसाचा डोळा बहुधा लांबट असतो आणि लॅसिकनंतरही तो लांबटच राहतो. पडद्याला भोक पडण्याचा धोका तसाच, म्हणून पडद्याची तपासणी सुटत नाही. चाळिशीत वाचायचा चष्माही बहुधा लागतोच.

पहाटे दवातून अनवाणी चालल्यानं नंबर उतरतो, असं आपल्याकडे सांगतात. उतरत नाही. पण मुलं रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात असली तर नंबर लागण्याचं प्रमाण घटतं, हे पूर्व आशियातल्या शाळांमधल्या अभ्यासांतून दिसलं आहे. श्रेय दवाला नाही, उजेडाला. मे महिन्यात नागपूरच्या पोरांना तो कोटा सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर असा दोन हप्त्यांत भरावा लागेल, इतकंच.