लेबलवरचा ‘ल’ आपला आहे का?

ताईंनो, वाटूर फाट्यावर गिऱ्हाईक आपल्या लसूण चटणीचं पाकीट हातात घेतं तेव्हा आपण तिथे नसतो. माल कुठला, कुणाचा हे अक्षरच सांगतं.

मराठी आणि हिंदीची लिपी एकच, देवनागरी; पण वळण वेगळं. लुगडं एकच, नेसण वेगळी, तसं. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या असतात, हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभी दांडी. ‘श’ही वेगळा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळण ठरवून दिलंय. तरी कॉम्प्युटरवर बरेचदा हिंदी वळणच येतं.

म्हणून छपाईवाल्या दादांना आधीच सांगा, “मराठी ल-श टाका.” गटाचं आणि गावाचं नाव ठळक घ्या. कच्चा नमुना सगळ्याजणींनी बघितल्याशिवाय छापायला हो म्हणू नका.