दहा शाळा, एक समुपदेशक

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेला निकाल सगळ्यांच्या वाचनात आला असेल. बातम्यांत सर्वाधिक गाजला तो वसतिगृहांतल्या छताच्या पंख्यांचा मुद्दा. पण न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने दिलेल्या पंधरा निर्देशांपैकी गावोगावच्या शाळांना थेट भिडणारा निर्देश वेगळाच आहे. ज्या शिक्षणसंस्थेत शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत, तिथे बाल आणि किशोरवयीन मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. पट त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. कायदा होईपर्यंत हे सारं देशभर बंधनकारक आहे आणि त्यावर देखरेख ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची आहे.

शहरांतल्या मोठ्या शाळांना हे जड जाणार नाही. सीबीएसईच्या मान्यतेच्या नियमांत समुपदेशक आधीपासूनच आहे. अडचण आहे ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडसारख्या तालुक्याची. कूर, पिंपळगाव, कडगाव, पाटगाव या पट्ट्यातल्या हायस्कुलांनी काय करायचं? वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांनी कुणाशी जोडून घ्यायचं? हा तालुका मी नुसता उदाहरणादाखल निवडलेला नाही. खेड्यातल्या शाळांना समुपदेशक कसा पुरवायचा, याचं उत्तर जवळपास साठ वर्षांपूर्वी एका सरकारी अहवालात आलं आहे, आणि त्या अहवालामागच्या माणसाने आपलं शिक्षणाचं स्वप्न याच तालुक्यातल्या गारगोटीत उभं केलं होतं.

जे. पी. नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७चा, शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले, तिथे आजारी कैद्यांची शुश्रूषा केली. सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून काम केलं, पुढे कोल्हापूर संस्थानात प्रशासन सांभाळलं. त्यांनी गारगोटीत वेदगंगेच्या काठी उभ्या केलेल्या मौनी विद्यापीठाला नाव मिळालं ते पाटगावच्या मौनी महाराजांचं. खेड्यातल्या मुलाला गाव न सोडता वरपर्यंत शिकता यावं आणि त्या शिक्षणाचं गावाच्या जगण्याशी नातं राहावं, ही त्यामागची धारणा होती. पुढे राज्याच्या शिक्षण संचालक झालेल्या चित्रा नाईक यांनीही गारगोटीत शिक्षक घडवले.

१९६४ मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचे सदस्य-सचिव होते नाईक. अहवालाच्या मसुद्याचा मोठा भार त्यांनीच वाहिला. २९ जून १९६६ रोजी तो सरकारला सादर झाला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर, दहा-दोन-तीनचा आकृतिबंध, शाळासंकुल या शिफारशी शिक्षणाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. मार्गदर्शन आणि समुपदेशनावरची पानं मात्र फारसं कुणी उलटत नाही. मला ती त्या अहवालातली सर्वांत व्यवहारी पानं वाटतात.

मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग आहे, ते प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून सुरू व्हावं, असं आयोग म्हणतो. प्रत्येक शिक्षकाला प्रशिक्षणातच त्याची ओळख करून द्यावी. माध्यमिक शाळांसाठी किमान कार्यक्रम असा: दहा शाळांच्या गटाला एक फिरता समुपदेशक. जमेल तेवढं काम शाळेतल्या शिक्षकांनी करायचं, आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचं मूल या प्रशिक्षित माणसाकडे यायचं. शिवाय निवडक शाळांत, शक्यतो प्रत्येक जिल्ह्यात एका शाळेत, परिपूर्ण मार्गदर्शन केंद्र उभारायचं, म्हणजे बाकीच्यांना पाहून शिकता येईल. प्रत्येक शाळेला स्वतंत्र तज्ज्ञ देणं देशाला झेपणार नाही, हे ओळखून केलेली ही मांडणी आहे. ती वाचताना मला सारखं वाटतं की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिल्लीची शाळा नव्हती, भुदरगडची होती.

पुढे काय झालं? नाईकांनी स्वतःच आपल्या अहवालाचा हिशेब मांडणारं पुस्तक लिहिलं. ३० ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले आणि ‘द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर’ १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याच शिफारशींचं काय झालं हे इतक्या परखडपणे तपासणारा शिक्षणतज्ज्ञ विरळा. शाळासंकुलाची कल्पना २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुन्हा उचलली, कोठारी आयोगाचं श्रेय मान्य करून. संकुलातल्या शाळांनी समुपदेशक वाटून घ्यावा, असंही त्या धोरणात आहे. म्हणजे कागदावर आपण पुन्हा १९६६लाच येऊन थांबलो.

मधल्या काळात महाराष्ट्राने काहीच केलं नाही असं नाही. मुंबईत सरकारची व्यवसाय मार्गदर्शन संस्था होती, तिथे शिक्षक ‘करिअर मास्टर’ म्हणून तयार व्हायचे. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. तिचा निकाल हाती पडल्यावर त्याबद्दल मुलाशी बसून बोलणारं माणूस बहुतेक शाळांत नव्हतं. बोर्डाच्या परीक्षा आल्या की समुपदेशकांचे मोबाइल क्रमांक जाहीर होतात. हे उपयोगाचं आहे, पण परीक्षेपुरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. २००१ मध्ये हा आकडा ५,४२५ होता. परीक्षेतलं अपयश हे कारण नोंदलेल्या आत्महत्या २०२२ मध्ये २,२४८. म्हणजे बहुतेक मुलांचं दुखणं गुणपत्रिकेत सापडणारं नाही. ते घरात, वर्गात, मोबाइलमध्ये, रस्त्यावर आहे, आणि जून ते एप्रिल कधीही वर येऊ शकतं.

ते वर कसं येतं, हे एका नेहमीच्या प्रकारावरून सांगतो. यातली मुलगी कुणी एक नाही, पण हायस्कुलात शिकवणारा कुणीही तिला ओळखेल. वाडीवरच्या शाळेतून सातवी झालेली मुलगी आठवीला दोन-तीन गावं पलीकडच्या हायस्कुलात येते. अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास असतो. दिवाळीनंतर ती मधल्या सुट्टीत पोट दुखतंय म्हणून घरी जायला लागते. बाई ओवा देतात. आई डॉक्टरकडे नेते, तपासणीत काही निघत नाही. ‘अभ्यास नको झालाय’ असा निष्कर्ष निघतो आणि वर्गशिक्षक चार शब्द सुनावतात.

प्रशिक्षित समुपदेशक इथे आधी हजेरीपट मागवतो. पोट कोणत्या दिवशी, कोणत्या तासानंतर दुखतं हे पाहतो. मुलीला समोर बसवून ‘का’ विचारत नाही. ‘का’ म्हटलं की मूल उत्तर तयार करतं. तो दिवस विचारतो: सकाळी उठल्यापासून काय काय होतं, गाडीला कोण कोण असतं, बसायला जागा कुठे मिळते. पहिल्या भेटीत ती काही बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतं की पोट दुखतं ते दुपारची गाडी गाठण्यासाठी. संध्याकाळच्या गाडीत चार पोरं मागच्या बाकावर असतात. घरी सांगितलं तर शाळा बंद होईल आणि स्थळं बघायला सुरुवात होईल, ही तिची भीती. शिक्षकांना सांगावं तर ते त्यातल्या एका पोराच्या भावकीतले.

इथून पुढचं काम नुसतं ऐकण्याचं राहत नाही. मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन एसटी आगाराशी बोलायचं, त्याच गाडीच्या मुलींचा गट बांधायचा, आईला शाळेत बोलवायचं ते बभ्रा न करता. आणि छेडछाड लैंगिक हेतूने होत असेल तर, अंगाला हात लावलेला नसला तरी, पोक्सो कायद्याचं १९वं कलम लागू होतं. माहिती मिळालेल्या व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तेव्हा समुपदेशक मुलाला ‘तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील’ असं सरसकट वचन देऊ शकत नाही. जिवाला धोका, अत्याचार, दुसऱ्याला इजा, या तीन गोष्टी सोडून बाकीचं इथेच राहील, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. ते सांगूनही मुलाचा विश्वास टिकवणं हे या कामातलं कौशल्य. एका दिवसाच्या कार्यशाळेत ते येत नाही.

म्हणूनच एखाद्या शिक्षकाला समुपदेशकाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ देण्याला माझा ठाम विरोध आहे. शिक्षक वाईट असतात म्हणून नव्हे. मुलांचं सर्वांत आधी लक्षात येतं ते त्यांच्याच, आणि वर्षातून दोनदा त्यांचं प्रशिक्षण व्हावं असं न्यायालयाने सांगितलं ते योग्यच आहे. पण दहावीचे अंतर्गत वीस गुण ज्याच्या हातात, त्याच्यासमोर मूल मनातलं कसं बोलेल? त्यात गाव लहान. शिक्षक कुणाचा मेहुणा, कुणाचा भाडेकरू. समुपदेशकाच्या खोलीतून बाहेर पडताना दिसलेल्या मुलाबद्दल संध्याकाळी चावडीवर चर्चा होते. फिरत्या समुपदेशकाचा खरा फायदा हाच की तो गावचा नसतो, आणि गुण देणाराही नसतो. नाईकांच्या अहवालातल्या त्या एका शब्दात, ‘फिरता’ या शब्दात, काटकसरीपेक्षा बरंच काही आहे.

करिअरचाही विचार याच माणसाकडून झाला पाहिजे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा पसंतीक्रम भरायला कितीतरी पालक नेट कॅफेवाल्याच्या सल्ल्यावर विसंबले. शहरात करिअर म्हटलं की नीट आणि जेईई. कोल्हापूर जिल्ह्याच्या या भागात करिअर म्हणजे ‘भरती’. पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं, निवासी अकॅडमीची फी भरायला विकलेली म्हैस, आणि उंचीत किंवा छातीत अर्ध्या सेंटिमीटरने बाद झालेला मुलगा. मैदानात बाद झाल्यावर तो गावात तोंड दाखवायला कचरतो. त्याच्याशी पुढचं बोलणारं कुणी नसतं. न्यायालयाचे निर्देश कोचिंग क्लासइतकेच निवासी अकॅडम्यांना आणि वसतिगृहांनाही लागू आहेत, याची चर्चा आपल्याकडे झालीच नाही. नीटच्या मुलांइतकीच या मुलांची काळजी तिथल्या चालकांनी घ्यायला हवी आणि जिल्हा समितीने ती तपासायला हवी.

आता व्यवहाराचं. आठवड्यात पाच कामाचे दिवस धरले तर अर्धे दिवस दहा होतात. दहा शाळा, प्रत्येक शाळेला दर आठवड्याला ठरलेला अर्धा दिवस. मूल सोमवारी गप्प राहिलं तरी पुढच्या सोमवारी तोच माणूस त्याच खोलीत येणार, याची त्याला खात्री हवी. मधल्या दिवसांसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ आहे, दोन्ही भिंतीवर ठळक लिहिलेले असावेत. पण पाटगाव खोऱ्यातल्या मुलाचा आधार फोनच्या रेंजवर सोडून चालणार नाही. औषधोपचार लागतील अशा मुलासाठी गारगोटीचं ग्रामीण रुग्णालय आणि कोल्हापूरचा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी लेखी जोडणी हवी, चिठ्ठी घेऊन कुणाकडे जायचं त्या नावासकट.

माणसं आणायची कुठून, हाही प्रश्न उगाच मोठा केला जातो. मौनी विद्यापीठाच्या आवारात आचार्य जावडेकर शिक्षणशास्त्र महाविद्यालय आहे. मानसशास्त्र किंवा समाजकार्य घेऊन पदव्युत्तर झालेल्या मुली या तालुक्यांत घरी बसून आहेत. त्यांच्यासाठी तिथे वर्षभराचा, प्रत्यक्ष शाळांत काम करायला लावणारा अभ्यासक्रम सुरू करता येईल. त्यांच्या कामावर अनुभवी मानसोपचारतज्ज्ञाची महिन्यातून एकदा नजर राहील, अशी सोयही त्यात हवी.

खरी अडचण पगाराची आहे. आपल्या संच मान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या हिशेबात, मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक बसतात, समुपदेशक बसत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शंभरावर पटाच्या शाळांना कला, क्रीडा आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. त्या निदेशकांची तुटपुंज्या मानधनावर, नेमणुकीच्या टांगत्या तलवारीखाली जी परवड झाली, ती सगळ्या शिक्षण खात्याने पाहिली आहे. समुपदेशक तसाच नेमला तर दर जूनमध्ये नवा चेहरा येईल आणि मुलं त्याच्यापाशी काही बोलणार नाहीत. पद एका शाळेचं नको, दहा शाळांच्या गटाचं असावं. वेतन जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडून नियमित लेखाशीर्षावर निघावं आणि प्रवासभत्ता त्यात धरलेला असावा. शाळेने द्यायची ती दार लावता येईल अशी एक खोली आणि वेळापत्रकात राखून ठेवलेला तास. भुदरगडमधल्या दहा मुख्याध्यापकांनी एकत्र येऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे असा एकत्रित प्रस्ताव द्यायला आज कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.