शोधनिबंध कोणाचा?

शोधनिबंध स्वीकारल्याच्या पत्रापाठोपाठ लेखकाकडे एक प्रपत्र येते. निबंधाचा प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, प्रकाशकाकडे सोपविण्याचा तो करार असतो. प्रसिद्धीच्या आनंदात अनेक जण तो न वाचताच स्वाक्षरी करतात. पुढे त्याच निबंधातील रोगग्रस्त पानाचे छायाचित्र कृषी विज्ञान केंद्राच्या घडीपत्रिकेत छापावयाचे ठरले, की ज्याने ते शेतात उभे राहून टिपले त्यालाच प्रकाशकाची परवानगी मागावी लागते!

वास्तविक १९५७ चा प्रताधिकार अधिनियम लेखकाविषयी उदार आहे. हस्तांतरण लेखीच असावे लागते. मुदत नमूद नसल्यास ते पाच वर्षांपुरते, क्षेत्र नमूद नसल्यास भारतापुरतेच मानले जाते. मात्र प्रकाशकांच्या प्रपत्रांत या जागा सहसा रिकाम्या नसतात. तरीही कलम ५७ नुसार, सर्व हक्क दिल्यानंतरही, लेखनाचे कर्तृत्व सांगण्याचा व प्रतिष्ठेस बाधक असा विपर्यास रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. (सेवेतील शास्त्रज्ञाच्या लेखनाचा प्रथम स्वामी, वेगळा करार नसल्यास, पुष्कळदा त्याची संस्थाच असते. त्यामुळे आपण जे सोपवितो ते आपले आहे का, हेही आधी पाहावे.)

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २०१३ च्या मुक्त प्रवेश धोरणानुसार लेखकाने आपले स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या डिजिटल संग्रहात जमा करावयाचे असते. प्रकाशकाची अट असल्यास ते खुले करण्यास बारा महिन्यांपर्यंत विलंब चालतो. प्रपत्रावर स्वाक्षरी करतानाच या धोरणाचा उल्लेख करणे इष्ट. नंतरच्या पत्रव्यवहारापेक्षा ते एक वाक्य अधिक उपयोगी पडते.

विस्तार कार्यकर्त्यांनी मात्र विनाकारण धास्ती बाळगू नये. कायदा मांडणीला संरक्षण देतो, माहितीला नाही. पाण्याच्या पाळ्या, खतमात्रा, पेरणीचे अंतर हे सारे स्वतःच्या शब्दांत, मूळ संशोधकाचा उल्लेख करून खुशाल लिहावे. परिच्छेद, आलेख वा छायाचित्र जसेच्या तसे घेताना परवानगी लागते. निबंधावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असल्यास त्याच्या अटी वाचाव्यात.

जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेमुळे शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत. पण वाचण्याची मुभा म्हणजे पुनर्मुद्रणाची नव्हे. शिवाय बांधावरचा शेतकरी या योजनेच्या बाहेरच आहे. प्रकाशकाचे शुल्क न भरता आपल्या पिकावरील निबंध त्याला भ्रमणध्वनीवर उघडता येईल, तो बहुधा संस्थेच्या संग्रहातूनच, लेखकाने हस्तलिखित तेथे ठेवले असेल तर.